सिस्टर राणी मारिया यांच्यावर एकपात्री लिहितोय: पोशाख, दिनक्रम आणि गावातलं काम याबद्दल नेमकी माहिती हवी

रंगपीठ_इंदूर

नमस्कार मंडळी. उदयनगरच्या कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया यांच्यावर 40 मिनिटांचा मराठी एकपात्री प्रयोग लिहून होत आलाय. इंदूरच्या मराठी प्रेक्षकांना त्यांच्याबद्दल एकच गोष्ट माहीत असते, 1995 मध्ये बसमध्ये झालेली हत्या. त्याआधीची वीस वर्षं दाखवायची आहेत, आणि तिथेच संहिता पोकळ वाटतेय. नुसतं "त्यांनी गरिबांची सेवा केली" हे वाक्य रंगमंचावर उभं राहत नाही.

तीन प्रश्न आहेत. सिस्टर व्हायला नेमके कोणते टप्पे असतात आणि किती वर्षं लागतात? कॉन्व्हेंटमधला दिवस कसा जातो, आणि वेशात काय चुकू नये? आणि सावकारीविरुद्ध काम केलं म्हणजे रोज नक्की काय केलं? सध्या पहिल्या प्रवेशात निळ्या काठाची पांढरी साडी आणि हातात जपमाळ असं लिहिलंय. जाणकारांनी बिनधास्त खोडावं.

---

वसईची_लेक

पहिल्यांदा ती साडी बदला. पांढरी साडी आणि तीन निळे काठ हा मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या धर्मभगिनींच्या संघाचा वेश. राणी मारिया त्या संघाच्या नव्हत्या. त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या, म्हणजे एफसीसी. हा संघ केरळात चंगनाचेरीला 1888 मध्ये सुरू झाला. 2008 मध्ये संतपद मिळालेल्या अल्फोन्सा याच संघाच्या. कॅथलिक प्रेक्षक समोर असेल तर चुकीचा वेश त्याला पहिल्या मिनिटाला खटकेल आणि पुढचं काही तो मनापासून बघणार नाही. सिस्टरांची छायाचित्रं सहज मिळतात. कापडाचा रंग, बाह्या आणि डोक्यावरचं व्हेल (शिरोवस्त्र) त्यांवरूनच शिवून घ्या, "साधारण नन" असा भाड्याचा पोशाख आणू नका. व्हेलखाली केस चापून बांधलेले हवेत आणि कानाच्या वर दोन्ही बाजूंना पिना हव्यात, नाहीतर वाकून काही उचलताना ते मागे सरकतं आणि नटीचा हात सारखा डोक्याकडे जातो.

शब्दांचंही तसंच. कोशात "जोगीण" सापडेल, पण तो शब्द रंगमंचावर वेगळंच चित्र उभं करतो. आम्ही मराठी कॅथलिक "सिस्टर" म्हणतो किंवा "धर्मभगिनी". पूजेला "मिस्सा" म्हणा, "प्रार्थनासभा" नको, आणि पुजाऱ्याला "फादर" किंवा "धर्मगुरू". उदयनगरचा प्रसंग असेल तर भेटल्यावर "जय येसु" आणि प्रार्थना हिंदीत: "हे हमारे पिता", "प्रणाम मरिया". सिस्टर मूळच्या केरळच्या सिरो-मलबार, म्हणजे पूर्वेकडच्या विधीच्या, परंपरेतल्या असल्या, तरी इंदूर धर्मप्रांत लॅटिन (रोमन) विधीचा आहे. मिस्सा प्रत्यक्ष पाहायची असेल तर आपल्या इंदूरच्या लाल चर्चमध्ये जा. सफेद चर्च प्रोटेस्टंट आहे, तिथली उपासना वेगळी.

आता टप्पे. मुलगी आधी उमेदवार म्हणून कॉन्व्हेंटमध्ये राहते, मग पोस्ट्युलंट (पूर्वतयारी करणारी), मग नोव्हिस (नवशिकी). चर्चच्या कायद्यात नोव्हिशिएटला, म्हणजे नोव्हिसच्या काळाला, सुरुवात करायला वय 17 पूर्ण लागतं. ते किमान 12 महिन्यांचं असतं, आणि दोन वर्षांच्या वर ताणता येत नाही. या काळात अभ्यास, मौन आणि घरकाम चालतं. संघाची नियमावली ती शिकते, आणि संघ तिला पारखतो. निघून जायची मुभा असते आणि काही मुली जातातही. त्यात लाज मानत नाहीत. त्यानंतर पहिली व्रतं, ती ठरावीक मुदतीची. किमान तीन वर्षं, साधारण सहापर्यंत ती पुन्हा पुन्हा घेतली जातात, आणि मगच आजन्म व्रतं. त्यासाठी वय 21 पूर्ण हवं. राणी मारियांची पहिली व्रतं 1974 ची, आजन्म व्रतं 1980 ची. तुमच्या संहितेत "एका रात्रीत घर सोडून सिस्टर झाली" असा प्रवेश असेल तर तो काढा. तो निर्णय सात-आठ वर्षं रोज नव्याने घ्यावा लागतो, आणि खरं नाट्य तिथेच आहे.

व्रतं तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. (मदर तेरेसांच्या संघात चौथं असतं, गरिबांतल्या गरिबांची विनामूल्य, मनापासून सेवा. तुम्ही ते राणी मारियांच्या तोंडी घालाल अशी भीती वाटते म्हणून सांगून ठेवते.) रंगमंचावर दाखवायला दारिद्र्य सर्वांत सोपं, पण लोक ते फाटक्या चपलेने दाखवतात. खरं दारिद्र्य हिशोबात असतं. पहिल्या व्रतांआधी स्वतःच्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवावा लागतो. पुढे शिकवून किंवा नर्सिंग करून जे मिळेल ते संघाचं. गावी जायचं तर प्रमुख सिस्टरची परवानगी, प्रवासाला मोजून पैसे, आणि परतल्यावर तिकिटांसकट हिशोब. उरलेले पाच रुपयेसुद्धा परत. टेबलावर तिकिटाचे दोन कपटे आणि सुटे पैसे मांडणारी सिस्टर दाखवलीत तर बोलावं लागणारच नाही.

दिनक्रम संघागणिक आणि घरागणिक थोडा बदलतो, पण साचा असा: पाचच्या सुमाराला उठणं, सकाळची प्रार्थना, अर्धा तास मौनात चिंतन, मिस्सा, नाश्ता. मग स्वयंपाक, झाडलोट, कपडे, पाळीपाळीने. त्यानंतर बाहेरचं काम. दुपारी थोडा वेळ आत्मपरीक्षण. संध्याकाळी जपमाळ, प्रार्थना, जेवण, अर्धा तास गप्पा किंवा खेळ. मग रात्रीची प्रार्थना, आणि तिथून सकाळपर्यंत मौन. गावातून परतायला उशीर झाला तरी चुकलेली प्रार्थना ती एकटी पूर्ण करते. त्या गप्पांच्या अर्ध्या तासाला संहितेत जागा द्या. सिस्टर म्हणजे सतत गंभीर चेहरा, हा आपल्या नाटकांचा जुना दोष आहे.

---

खसरा_खतौनी

तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. उदयनगर तेव्हा देवास जिल्ह्यातल्या बागली तहसिलीत होतं. भिल, बारेला, कोरकू वस्ती, जमीन डोंगरउताराची, बहुतेक पावसावरची. सिस्टर 1992 मध्ये तिथे आल्या आणि सामाजिक कामाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. बायकांचे बचत गट उभे करणं, शेतकऱ्यांना सरकारी योजना आणि बँकेच्या कर्जापर्यंत नेणं, लिहायला-वाचायला शिकवणं, हे त्यांचं काम. ऐकायला किती सौम्य वाटतं! त्याने कोणाचं काय बिघडलं हे प्रेक्षकाला कळायला हवं असेल, तर आधी सावकारीचं गणित कळायला हवं.

पैशाचा दर महिन्याच्या शेकड्याने सांगतात. "पाच रुपये शेकडा" ऐकायला हलकं वाटतं, पण हजारावर महिन्याला 50, वर्षाला 600, म्हणजे सालाना 60 टक्के. धान्याचा हिशोब त्याहून अवघड. पेरणीला एक क्विंटल बी घेतलं तर कापणीला सवाई म्हणजे सव्वा क्विंटल, किंवा दिडी म्हणजे दीड क्विंटल परत. मुदत वर्षाची नसते, जेमतेम चार-पाच महिन्यांची. आणि "मी दिडी घेत नाही, रोखीचंच व्याज लावतो" म्हणणाराही तिथेच पोचतो. समजण्यापुरते आकडे घ्या: जूनमध्ये भाव 1000 रुपये क्विंटल. एक क्विंटल बियाचे 1000 खात्यावर लिहिले, पाच रुपये शेकड्याने चार महिन्यांचे 200 व्याज, झाले 1200. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांचाच माल निघतो, भाव पडून 800. सावकार धान्यातच वसुली मागतो. 1200 ला 800 ने भागा: दीड क्विंटल. शेतकऱ्याला या हिशोबात चोरी सापडत नाही, कारण प्रत्येक ओळ बरोबर असते. तुमच्या प्रयोगात सिस्टरनी हे गणित जमिनीवर मक्याच्या दाण्यांनी मांडावं. दहा दाण्यांतून पंधरा जाताना बायकांना दिसू देत.

गहाण बहुतेक चांदीचं, कडी किंवा हंसली. जमिनीचं प्रकरण वेगळं. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या कलम 165(6) प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहज विकता येत नाही. म्हणून खरेदीखत न करता नुसता ताबा घेतला जातो. कागदावर मालक तोच, नांगर दुसऱ्याचा. अशा माणसाला त्याच्या नावाचा खसरा (जमिनीचा उतारा) वाचून दाखवणं हीच मोठी गोष्ट होते.

आता "बँकेतून कर्ज मिळवून दिलं" या चार शब्दांत काय काय येतं ते बघा. खसरा आणि बी-1 (खात्याचा उतारा) यांची नक्कल पटवाऱ्याकडून (म्हणजे तलाठ्याकडून), ऋणपुस्तिका (जमीन आणि कर्जाच्या नोंदींची पुस्तिका), जातीचा दाखला, आणि जुनं देणं नसल्याचा सोसायटीचा कागद. अडतं कुठे? बहुतेक वेळा जमीन अजून मेलेल्या आजोबांच्या नावावर असते. मग आधी फौती नामांतरण, म्हणजे मेलेल्याच्या जागी वारसांची नावं लावणं, त्याला वारसांच्या सह्या, आणि एक भाऊ मजुरीला बाहेर गेलेला. नावातही घोळ असतो: एका कागदावर "नानसिंह", दुसऱ्यावर "नानिया", आणि बँक म्हणते ही दोन माणसं. ऋणपुस्तिका कोणाकडे तरी "सांभाळायला" ठेवलेली असते, ती मागायला गेलं की भांडण तिथेच सुरू. तहसिलीला एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली आणि वर बसभाडं. तीन खेपांनंतर माणूस थकतो आणि पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जातो, कारण तिथे पाच मिनिटांत पैसे मिळतात. सिस्टरसारखी व्यक्ती सोबत गेली की तिसऱ्या खेपेला तो थकत नाही. माझ्या मते त्यांच्या कामाचा कणा हाच होता: साथ आणि चिकाटी. तुम्ही त्यांना भाषण करताना दाखवण्यापेक्षा रांगेत उभं दाखवा.

बचत गटाचं थोडक्यात. 10 ते 20 बायका, त्याहून मोठा गट टिकत नाही. समजा 15 जणी, महिन्याला 10 रुपये. सहा महिन्यांत 900. एवढ्यातून कोणाचं बियाणं, कोणाचं बाळंतपण निघतं, अंतर्गत व्याज दोन रुपये शेकडा ठेवलं तरी ते गटातच राहतं. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे आणि मोठ्याने सांगायचे, कारण वही वाचता न येणारीला कान हीच वही. बँकांना गटांशी जोडण्याचा नाबार्डचा (शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचा) प्रायोगिक कार्यक्रम 1992 मध्येच, 500 गटांपासून सुरू झाला. त्यामुळे 1993 च्या प्रवेशात "गटाला बँकेने लगेच कर्ज दिलं" असं लिहू नका, मॅनेजरला कल्पनाच पटवून द्यावी लागायची. गट मोडतात तेही दाखवा: पहिलं कर्ज अध्यक्षबाईच्या जावेला गेलं की मोडतो, दिवाळीनंतर अर्ध्या जणी मजुरीला गेल्या आणि बैठक दोनदा चुकली की मोडतो, आणि एखादीचा नवरा पेटी मागायला आला की त्याच रात्री मोडतो.

---

रंगपीठ_इंदूर

खूप आभार. साडी गेली, मक्याचे दाणे आले. अजून दोन गोष्टी. शेवटचा प्रवास आणि नंतरची क्षमा किती दाखवावी? आणि जाहिरातीत "संत राणी मारिया" छापलं तर चालेल का? जीवनक्रमाच्या तारखाही कोणी पक्क्या करून दिल्या तर बरं.

---

माळव्यातला_वाचक

"संत" छापू नका. 4 नोव्हेंबर 2017 ला इथे इंदूरमध्येच, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, कार्डिनल अँजेलो अमातो यांच्या हस्ते त्यांना "धन्यवादित" घोषित केलं. संतपद ही त्यापुढची पायरी. "धन्यवादित राणी मारिया" किंवा नुसतं "सिस्टर राणी मारिया" दोन्ही चालतं. त्यांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेली व्यक्ती, मानलं गेलं, त्यामुळे धन्यवादित पदासाठी चमत्कार सिद्ध करावा लागला नाही. संतपदासाठी मात्र तो लागतो. मदर तेरेसांच्या बाबतीत 2003 ला धन्यवादित आणि 2016 ला संत, दोन्ही वेळा चमत्कार मान्य व्हावा लागला होता. हा फरक कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत आला तर चांगलं.

तारखा: जन्म 29 जानेवारी 1954, पुल्लुवळी, जिल्हा एर्नाकुलम. घरचं नाव मरियम, आडनाव वट्टालिल. 1975 च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बिजनौर, तिथे आधी शिकवण्याचं काम. 1983 मध्ये सतना धर्मप्रांतातलं ओडगडी, 1992 ला उदयनगर. म्हणजे उदयनगरला त्यांना तीन वर्षंही पुरी मिळाली नाहीत. बिजनौर आणि ओडगडीची सतरा वर्षं संहितेत दोन मिनिटांत उरकू नका. शाळेच्या वर्गातून त्या गावाकडे वळल्या आणि हिंदी पट्ट्यातलं खेडं ओळखायला शिकल्या ते याच काळात. त्यांची हिंदी मल्याळी ढंगाची दाखवायचा मोह होईल, पण वीस वर्षं या भागात राहिलेल्या बाईची भाषा विनोदासाठी वापरू नये.

शेवटचा प्रवास: 25 फेब्रुवारी 1995, शनिवार. उदयनगरहून इंदूरची बस, पुढे भोपाळ आणि केरळ असा बेत. नुकतीच संघाच्या भोपाळमधल्या अमला प्रांताच्या (प्रशासकीय विभागाच्या) सल्लागार मंडळावर त्यांची निवड झाली होती. नाचनबोरच्या घाटात सहप्रवाशांच्या देखत चाकूने वार झाले. वय 41. जखमांचा आकडा पन्नासच्या वर सांगतात, पण तो मोजत बसू नका. रंगमंचावर चाकूही आणू नका. बसची एक सीट, वर जाळीत पिशवी, आणि इंजिन बंद झाल्यानंतरची शांतता पुरे. बस भरलेली होती आणि वाचवायला कोणी पुढे आलं नाही, हे प्रेक्षकाने स्वतः ओळखावं. दफन उदयनगरलाच झालं.

क्षमेची गोष्ट मात्र घाई न करता सांगा. ती एका दिवसात घडलेली नाही. हत्या 1995 ची. राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, त्याही याच संघाच्या, त्यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली ती 2002 मध्ये. मधे सात वर्षं आहेत. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे सीएमआय या कॅथलिक संघाचे धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले, त्यातून हा रस्ता तयार झाला. कुटुंबाने शिक्षा माफ व्हावी म्हणून लिहून दिलं आणि तो 2006 मध्ये सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी क्षमा मागायला गेला. आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्या हातांना तिच्या लेकीचं रक्त लागलेलं होतं. आईच्या तोंडी लांब स्वगत घालू नका, तुमच्याकडे त्याहून मोठी कृती आहे.

एक सावधगिरी. न्यायालयात ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याच्यापलीकडे कट कोणी रचला याबद्दल लोक बरंच बोलतात. संहितेत कोणाचंही नाव किंवा ओळखू येईल अशी खूण घालू नका. "ओट्यावर बसलेला सावकार" एवढं पात्र पुरे, आणि ते आवाजातूनच उभं करा.

---

वसईची_लेक

जपमाळेचं राहिलं होतं. ती हातात सतत फिरवायची वस्तू नाही, प्रार्थनेची वेळ सोडली तर खिशात किंवा कमरेला असते. म्हणताना माळ ओढत नाहीत, एकेक मणी अंगठा आणि तर्जनीत धरून पुढे सरकतात. दहा "प्रणाम मरिया" झाले की एक वेगळा मणी, असे पाच दशक. पूर्ण माळ व्हायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात, तेव्हा प्रयोगात एका दशकाहून जास्त घेऊ नका.

रहस्यं, म्हणजे माळ म्हणताना ज्यांवर चिंतन करतात ते येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, दिवसाप्रमाणे बदलतात. हल्ली गुरुवारी प्रकाशाची रहस्यं म्हणतात, पण ती 2002 मध्ये आली. 1995 च्या प्रसंगात ती चालणार नाहीत. तेव्हा सोमवार-गुरुवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-शनिवार-रविवार गौरवाची. बसचा दिवस शनिवार होता, म्हणजे गौरवाची, आणि त्यातलं पहिलं पुनरुत्थानाचं. आदल्या संध्याकाळचा कॉन्व्हेंटमधला प्रवेश लिहिला असेल तर तो शुक्रवार, दुःखाची रहस्यं. त्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 1 मार्चला होता. उपवासकाळ अजून लागला नव्हता, म्हणून त्या शुक्रवारी वेदीवर जांभळं कापड दाखवू नका.